कोरडी जागा

उद्या तंबू घेऊन चालले ना पोट्टेहो? मंग ऐका. आर्यन, मोबाइल ठेव गा. अन् प्रणाली, हसू नको वं. माह्या सख्ख्या भाच्यासोबत झालं हे, प्रशिकसोबत.

मागच्या वर्षी पोळ्याच्या अमावस्येले प्रशिक अन् त्याचा दोस्त वैभव रामटेककडच्या तलावावर गेले, वैभवच्या गाडीवर. प्रशिक निमोनियातून नुकताच उठला होता. डॉक्टरनं बजावलं होतं, भिजला तं खैर नाही. सिंधूताई, माही बहीण, त्याले सोडायले तयारच नव्हती. वैभव म्हणे, 'काकू, मी आहे ना!'

तंबू लावला. प्रशिकले मीच शिकवलं होतं, तंबूभोवती चर पाहिजेच, नाही तं उताराचं पाणी थेट अंथरुणात. पण फावडं उचललं का त्याले धाप लागे. वैभव म्हणे, 'तू पड, मी खोदतो.' थोड्या वेळानं आत आला. 'झालं बे. मस्त खोदला.'

बेइमान! एक ढेकूळ हलवलं नव्हतं त्यानं.

बारा वाजून गेले अन् भल्ला पाऊस सुटला. प्रशिक जागा झाला तं पाठ गार. पाणी आत येऊन राहिलं होतं. बाजूले चाचपलं... वैभव नाही.

बाहेर आवाज आला. खर्र... खर्र... माती ओढल्याचा.

'वैभव?'

खर्र...

हळूहळू पाणी थांबलं. पोट्ट्याले भरून आलं. वाटलं, दोस्त आपल्यासाठी भिजून राहिला. 'आत ये ना बे.'

आवाज थांबला. दारापाशी कोणीतरी उभं राहिलं. श्वास ऐकू येई...

आत नाही आलं.

सकाळी पाहतो तं गाडी नाही. फोन लावला. वैभव शहरात, आपल्या घरी! पाऊस सुरू होताच पळाला होता. म्हणे, 'तू झोपला होता, काहून उठवू?' प्रशिकनं फोन ठेवला अन् ढसाढसा रडला. आजही वैभवचं नाव काढलं का उठून जाते.

प्रशिकले घ्यायले मीच गेलो होतो. चर होता ना! तंबूभोवती पूर्ण. फावडं आत पडलेलं, त्याले मातीचा कण नाही. चराच्या काठावर नुसते बोटांचे ओरखडे.

अन् तंबूले लागून अजून एक चर. एक माणूस झोपंल एवढ्या जागेभोवती. वर छप्पर नाही. पाऊस रातभर...

मी वाकून हात लावला. आतली माती कोरडी होती.