बंदुकीवरचा मळ

मी धातुशास्त्र शिकले आहे. मोजता येत नाही ते मी सहसा लिहीत नाही. हे मात्र घडलंय. माझ्यासमोर.

पेनसिल्व्हेनिया, लँकेस्टरजवळचं आमचं गाव. २०१९, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा मंगळवार. दुपारचे चार.

माझा ऑर्विलकाका पहिल्या महायुद्धातल्या शॉटगन जमवतो. त्यांच्या हुबेहूब प्रतिकृतीही बनवतो. तेव्हा त्याच्याकडे नव्वदीच्या व्हर्नाबाईंची बंदूक होती. त्यांच्या वडिलांनी ती फ्रान्सच्या खंदकांत वापरली होती. व्हर्नाबाई रोज संध्याकाळी तिच्या दस्त्याला गाल टेकून बसायच्या. बाबा अजून उबदार लागतात, म्हणायच्या.

आम्ही ते मनावर घेतलं नाही.

नमुन्यासाठी बंदूक देताना त्यांची एकच अट होती. पुसायची नाही.

काकाने पुसली.

दस्त्यावरचा शंभर वर्षांचा हातांचा मळ त्याने फडक्यावर उतरवला. तोच प्रतिकृतीच्या नव्या दस्त्यावर चोळला, लाकूड जुनं दिसावं म्हणून.

"हा रंग बाटलीत मिळत नाही, पोरी."

मग तो कॉफी आणायला घरात गेला. मी वर्कशॉपमध्ये दोन्ही बंदुकांचं वजन वहीत लिहीत होते. दोन्ही रिकाम्या. मीच तपासल्या होत्या.

पाठीमागे आवाज झाला...

कर्र. खट.

वळले. कुणी नव्हतं.

नव्या बंदुकीची पुढची मूठ, गोळी भरायला ओढतात ती, मागे ओढलेली होती.

आणि ओल्या मातीचा वास...

मी नव्या दस्त्याला हात लावला. गाल टेकतात तिथे कोमट लागलं. तापमापक लावला. खोली अकरा अंश. दस्ता चौतीस.

"हल्ली कॉलेजात भुतं शिकवतात वाटतं," कॉफी घेऊन आलेला काका म्हणाला. हीटरजवळ ठेवली असशील, म्हणाला.

हीटर बंद होता.

दुसऱ्या दिवशी जुनी बंदूक परत केली. व्हर्नाबाईंनी गाल टेकला.

"पुसलीस ना रे, ऑर्विल?"

काकाने मान डोलावली.

"बाबांना कुठे ठेवलंस?"

तो घरी गेला आणि नवी बंदूक घेऊन आला. तिला गाल लावून त्यांनी डोळे मिटले.

रविवारी त्या गेल्या. गाल नव्या दस्त्यावरच होता.

त्यांच्या भाचीने दोन्ही बंदुका आमच्याकडे पाठवल्या. तेव्हापासून मी रोज तापमान लिहिते. नवी नेहमी चौतीस. जुनी तुलनेसाठी मोजते. ती कायम खोलीइतकीच गार.

काल जुनीही चौतीस होती.

तीनदा मोजली. व्हर्नाबाईंच्या गालाएवढीच जागा... नव्या बंदुकीवरच्यापेक्षा जरा लहान.

काकाला अजून सांगितलेलं नाही. त्याने परवाच पुढच्या प्रतिकृतीसाठी नवीन फडकी आणली आहेत.