फेर, फेर्डर, आणि रिकामी जागा

फेर — लांब

जोड्या लावताना मी उरले. तोही उरला.

“उरलेले दोघं एकत्र बसा,” डचच्या बाई म्हणाल्या आणि अख्खा वर्ग खिदळला.

दोन वस्तू घ्यायच्या, तुलना करायची. त्यानं खिशातून चष्म्याची दांडी काढली, मी पर्समधून थर्मामीटर.

“माझी दांडी लांगर. तुमचा थर्मामीटर क्लाइनर,” तो म्हणाला.

“लहान असला तरी महत्त्वाचा!”

“ते विशेषण अजून शिकवलं नाहीये.”

मी नर्स. परीक्षा पास झाले, की तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी. आणि तो चष्मेवाला. भाची तिकडेच वाढतेय, फोनवर डचमध्ये भांडते... मामाला एकदा तरी उलट भांडायचं होतं. तिकडे जायचा मात्र प्रश्नच नव्हता. वडिलांना आता जेमतेम दिसायचं, दुकान त्याच्यावरच.

फेर्डर — आणखी लांब

वर्ग सुटला की बसस्टॉपपर्यंत आम्ही जे दिसेल त्याची तुलना करायचो.

“हा कुत्रा डिकर.”

“डिक्स्ट म्हणा. याच्याहून जाडा जगात नसेल.”

मी पास झाले, त्या दिवशी तो कुत्र्याकडे न बघताच चालला.

“मग... जाणार?”

“तुम्हीच सांगा. जाणं बरं, की राहणं?”

त्यानं स्वच्छच असलेला चष्मा पुन्हा पुसला. “आम्ही भिंगं बदलत फक्त विचारतो — हे बरं, की हे? आपण सुचवलं ना, की गिऱ्हाईक मान डोलावतं, आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जातं.”

“मी गिऱ्हाईक आहे?”

“नाही ना! म्हणून तर जास्त भीती वाटते.”

फेर्स्ट — रिकामी जागा भरा

निघायच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले. नवा चष्मा हे निमित्त. त्यानं नंबर तपासायची ती जड, गोल फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, भिंग सरकवलं.

“हे बरं...” टक्. “की हे?”

त्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ होती.

“सारखंच.”

“भिंतीवरची अक्षरं बघा. नीट.”

“दोन्हींत मला तुम्हीच दिसताय.”

त्याचा हात हवेतच राहिला. बाहेर काउंटरवर वडील खोकले. मग भिंतीवरची अक्षरं विरघळली, तोही विरघळला.

“आता काहीच दिसत नाहीये,” मी म्हणाले.

त्यानं हलकेच फ्रेम काढली. माझा जुना चष्मा पुसून माझ्या डोळ्यांवर ठेवला — बोटं कानाशी क्षणभर जास्तच रेंगाळली.

“डोळे भरलेले असताना नंबर काढत नाहीत,” तो म्हणाला. “उद्या या.”

उद्या मी विमानात असणार, हे त्याला ठाऊक होतं.

“येते,” मी म्हणाले.

.

इथे बसवरच्या पाट्या मला अजून अंधूकच दिसतात. सोबतच्या नर्सेस मागे लागतात — अगं, चष्मा बदल की!

मी सांगते, बोलावलंय मला. उद्या.