खुंटी धर, उस्ता

ऐकीव नाही हे. जब्बार माझा साडू. बसऱ्यात कालव्यावरच्या नव्या पुलाचा तो फोरमन होता, कामगारांचा उस्ता. ऑगस्टची सव्वीस, मंगळवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. उन्हाळ्यात काँक्रीट पहाटेच ओततात, चारची वेळ ठरली होती. जब्बार हातोडा घेऊन एकटाच वर गेला.

तुम्ही बेकरीतली पोरं, तुम्हाला सांगावं लागेल. पुलाच्या लोखंडी गर्डरवर बोटभर जाड खुंट्या वेल्ड करतात आणि वर काँक्रीट ओततात. खुंट्यांनी धरलं तर दोन्ही एकजीव. नाही धरलं, तर स्लॅब सरकतो. म्हणून आधी काही खुंट्या हातोड्याने वाकवून बघायच्या. वाकली ती पक्की. सुटली ती कच्ची.

"मग सगळ्याच बघायच्या ना, अम्मू? सांगा ना, काका."

"सगळ्या बघणारा फोरमन तू बघितलायस का, मुहन्नद?"

जब्बार मोजून आठ खुंट्या नीट वेल्ड करून घ्यायचा. इन्स्पेक्टरसमोर त्याच वाकवायचा. बाकीच्या कशाही. वेल्डर सादून म्हणाला होता, "उस्ता, मशीन दम धरत नाही. खुंट्या नुसत्या चिकटल्यात."

जब्बार हसला. "एवढी भीती वाटते तर खाली उभा राहा. पडलं तर झेल."

सगळे हसले. सादून खाली काम करत असतानाच पुलाचा पहिला गाळा सरकला... त्याला खरवडून काढावं लागलं. चौकशीत जब्बार म्हणाला, "वेल्डिंग त्याचंच होतं." घरी आल्यावर पोटभर जेवला. मी समोर बसलो होतो.

हा दुसरा गाळा, यावरचं वेल्डिंगही सादूननंच मरण्याआधी केलेलं. खुंट्या दोनशे बारा. यातल्या पक्क्या आठ कोणत्या, ते एकट्या सादूनला ठाऊक, आणि तो सांगायच्या आधीच गेला. इन्स्पेक्टर यायच्या आत त्या हुडकायलाच जब्बार रात्रीचा गेला होता. नाही सापडल्या, तर नोकरी जाणार आणि वर तुरुंग.

त्याने पहिली खुंटी ठोकली. सुटली.

दुसरी. सुटली.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कुणीतरी ठोकलं. ठण्. खुंटी घरंगळली.

"कोण आहे रे?"

ठण्... ठण्... जवळ येत होतं. माणूस दिसत नव्हता. आडव्या पडत चाललेल्या खुंट्या तेवढ्या दिसत होत्या.

"घरी जा, बाबा. सकाळी बोलू..."

ठण्. त्याच्या पायापाशी. मग काहीच नाही.

कानाजवळ कुणीतरी अगदी अदबीनं म्हणालं,

"उस्ता, धर."

त्याने खुंटी उचलली. उभी धरली. का धरली, ते त्यालाही सांगता येत नाही. निळा लखलखाट झाला. हात भाजला. सुटेना. मग सुटला.

"पुढची."

"सादून... पोरं आहेत मला..."

"मलाही आहेत. धर."

दोनशे बारा...

"अम्मू, तुमचा साडू प्यायला होता."

"प्यायला असता तर बरं झालं असतं. कळ तरी कमी लागली असती."

चारला माणसं आली, तेव्हा तो गुडघ्यांवर होता. मुठी मिटलेल्या, कोळसा झालेल्या. बसऱ्यातल्या एकाही डॉक्टरला त्या उघडता आल्या नाहीत. आज माझी मेहुणी त्याला भरवते.

इन्स्पेक्टरने त्या दिवशी दोनशे बाराच्या दोनशे बारा खुंट्या ठोकल्या. सगळ्या वाकल्या. एकही सुटली नाही. तो खूश झाला. म्हणाला, "मशीन दाखवा, असं वेल्डिंग मी आजवर पाहिलं नाही."



मशीन रविवारपासून गावात, दुरुस्तीच्या दुकानात, खोलून ठेवलेलं होतं.