सोनखांबला उतरणारी माणसं

हिंगोलीहून टाकळखोरीला जाणारी रुळांची एक छोटी शाखा आहे. जुन्या काळी कापसाच्या गाठी आणायला ती घातली होती, म्हणून लोक तिला अजून ‘जिनिंगची लाईन’ म्हणतात. जिनिंग बंद पडलं. पुढं एका खासगी कंपनीनं काही वर्षं तिच्यावरून खत आणि सिमेंट वाहिलं. मग ट्रक स्वस्त पडू लागले आणि रुळांत गवत उगवलं. आता कंपनीपुढं दोनच वाटा होत्या. रूळ उपटून भंगारात घालायचे, नाहीतर सकाळ-संध्याकाळ एक रेलबस सोडून गावकऱ्यांची हिंगोलीला ने-आण करायची. गाडी सोडली तर माणसं बसतील का, हे गावोगाव जाऊन विचारायचं काम सुनिता राठोडकडे आलं होतं.

सुनिताचा तांडा याच लाईनीवर, टाकळखोरीच्या अलीकडे. पावसाळ्यात एसटी तांड्यापर्यंत येत नाही. तिच्या बरोबरीच्या पोरी दहावीनंतर घरी बसल्या आणि उजवल्या गेल्या. सुनिता तेवढी सुटली, तीही तिच्या आईमुळं. बाप लवकर गेलेला. तरी जिवनबाईनं साऱ्या तांड्याची बोलणी खाऊन पोरीला हिंगोलीच्या वसतिगृहात ठेवलं होतं. ही गाडी सुरू व्हावी असं सुनिताला मनापासून वाटत होतं. म्हणूनच ती जास्त जपून विचारायची. कुठं जाल, कशासाठी जाल, रोज की फक्त बाजाराला. उत्तर कुणाच्या तोंडात घालायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं.

दिवस हळदीचे होते. शेताशेतांत शिजवणीचे कुकर धडधडत होते आणि उकडलेल्या हळदीचा ओला, मातकट वास कपड्यांत बसून घरापर्यंत येत होता. वाढोणीत ग्यानबा नावाचा एक म्हातारा शेतकरी खळ्यावर हळद पसरत बसला होता. सुनितानं त्याला विचारलं, गाडी सुरू झाली तर हिंगोलीला जाल का.

“हिंगोलीला काहून?” तो म्हणाला. “आमी सोनखांबला उतरू.”

सोनखांब नावाचं गाव सुनितानं ऐकलं नव्हतं. ग्यानबाचा मुलगा बालाजी शेजारीच पोती शिवत होता. तो हसून म्हणाला, असलं गाव इकडं कुठंच नाही, बाबांना ऊन लागलं असेल. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो हळद पसरत राहिला.

पुढच्या गावात एका म्हातारीनं तेच नाव घेतलं. त्याच्या पुढच्या गावात देवळाच्या पायरीवर बसलेल्या तिघांनी घेतलं, आणि तिघांनी एका सुरात. तरुण माणसं कॉलेज म्हणत, दवाखाना म्हणत, मोंढ्याचा बाजार म्हणत. म्हातारी माणसं सोनखांब म्हणत. तिथं काय आहे असं विचारलं की ती गप्प होत. लाजल्यासारखी किंवा घाबरल्यासारखी नव्हेत. आपल्याच घराचा पत्ता कुणी आपल्याला विचारावा आणि नवल वाटावं, तशी बघत.

सुनितानं हे प्रज्ञेशला सांगितलं. प्रज्ञेश तिचा साहेब, मूळचा नागपूरचा, हिंगोलीत खोली घेऊन राहिलेला. त्यानं लाईनीचे होते नव्हते तेवढे नकाशे उघडले. सोनखांब कशातच नव्हतं. जुना एखादा थांबा असेल, म्हातारी माणसं नावं धरून बसतात, असं म्हणून त्यानं विषय सोडला. चाचणीची फेरी तोंडावर आली होती आणि त्याला गाडी भरलेली हवी होती.

फेरीच्या आधी रूळ तपासायला रेलबस रिकामी काढली, तेव्हा सुनिता चालकाच्या केबिनमध्ये बसली. चालक मोहनसिंग मोठ्या लाईनीवरून निवृत्त झालेला, अबोल माणूस. वाढोणी मागं पडली. शेतं संपली आणि माळ लागला. झाड नाही, विहीर नाही, कुसळी गवत तेवढं उन्हात पांढरं पडलेलं. तिथं गाडी हळू झाली आणि थांबली.

सुनितानं विचारलं, काय झालं. मोहनसिंगनं आपल्या हाताकडे पाहिलं. हात ब्रेकवर होता.

“मी न्हाई लावला,” तो म्हणाला.

सुनिता खाली उतरली. माळभर गवत होतं, पण रुळाच्या कडेची एक पट्टी उघडी होती. जमीन चोपून गुळगुळीत झालेली, जत्रा उठून गेल्यावर होते तशी. तिथून एक पायवाट निघून माळावर जात होती आणि मध्येच संपत होती. पलीकडे नुसतं गवत होतं, कुणी पाय न ठेवलेलं. ती उलटी फिरून गाडीत बसली.

संध्याकाळी जिवनबाई हिरवं लुगडं नेसून अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. सुनिता तिच्यापाशी बसली. जिवनबाई विचारत होती की पहिल्या गाडीत आपल्याला खिडकी मिळेल ना. लेकीची गाडी म्हणून ती तांडाभर सांगत फिरली होती. सुनितानं हसत, गावागावांत विचारायची तसंच विचारलं. “याडी, गाडी सुरू झाली तर तू कुठं जाशील?”

“सोनखांबला,” जिवनबाई म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

सुनितानं तिचा हात धरला. हे नाव तुला कुणी सांगितलं, तिथं कोण आहे, असं पुन्हा पुन्हा विचारलं. जिवनबाईनं हात सोडवून घेतला आणि पोरीला भूक लागली असेल म्हणून चुलीकडे गेली. फेरीला येऊ नको, असं सुनितानं तिला रात्री जेवताना सांगितलं. भाऊ दिपक म्हणाला, याडीनं साऱ्या तांड्याला सांगून ठेवलंय, आता कशी मागं राहील. सुनिताजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं.

फेरीच्या दिवशी टाकळखोरीलाच गाडी भरली. तांड्यावर जिवनबाई चढली, खिडकीशी बसली. वाढोणीत ग्यानबा चढला, धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. बालाजी त्याला बसवून खाली उतरला आणि हात हलवत राहिला. पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. कुणीतरी पेढे वाटले. सुनिता आईच्या सीटला धरून उभी होती. माळ आला की काही झालं तरी गाडी थांबू द्यायची नाही, असं तिनं मोहनसिंगला बजावून ठेवलं होतं. त्यानं मान हलवली होती.

माळ आला. मोहनसिंगनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते; सुनिताला ते केबिनच्या दारातून दिसत होते.

गाडी थांबली.

डब्यातला गलका कमी झाला नाही. पोरं बोलत होती, हसत होती. त्यांच्यातून म्हातारी माणसं उठली. घाई नाही, धक्काबुक्की नाही. एकमेकांना वाट देत ती दाराकडे गेली आणि एकेक करून उतरली. ज्यांना धड चालता येत नव्हतं तीही उतरली.

कॉलेजची एक पोरगी आजीबरोबर आली होती. आजी उठून गेल्यावर ती खिडकीकडे सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तिनं आपली बॅग ठेवली.

सुनितानं आईला कवेत घट्ट धरलं. जिवनबाई तिच्या हातांतून सुटली. झटापट झाली नाही. ओंजळीतलं पाणी जावं तशी ती गेली.

सुनिता पायरीपर्यंत धावली. तिनं एक पाय खाली टाकला. जमीन गरम नव्हती. एवढ्या उन्हात ती तळघरासारखी गार होती.

“याडी!”

जिवनबाई वळली. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता.

“तू न्हाई, सुनी,” ती म्हणाली. “तू वर राहा. गाडी चालू राहू दे. मागून लई लोक यायचेत.”

मग ती पायवाटेनं चालू लागली.

वाट जिथं संपत होती तिथवर ती सगळी माणसं दिसत होती.

गाडी हलली.

हिंगोलीला हार घेऊन माणसं उभी होती. प्रज्ञेशनं सुनिताचा हात दाबला. ती त्याला सांगू लागली, माणसं उतरली, माझी आई उतरली. तो हसत हसत ऐकत होता. मग त्यानं डब्याकडे बोट दाखवलं. उतरणारी सगळी माणसं तरुण होती, एकही म्हातारं नव्हतं. “रोज जाणारे हेच लोक,” तो म्हणाला. “आपल्याला हेच दाखवायचं होतं. म्हातारं माणूस एकही बसलं नाही, तेही बरंच झालं.”

ती रिक्षा करून माळावर गेली. पायवाट होती, ती मध्येच संपत होती. तिनं हाका मारल्या. तिथून चालत ती वाढोणीला आली. बालाजी खळ्यावर एकटाच हळद पसरत होता. तुमचे वडील परत आले का, असं तिनं विचारलं. त्यानं तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं.

“ताई, तुमची काहीतरी गफलत होऊन राहिली,” तो म्हणाला. “माझे वडील मला आठवत बी न्हाईत. मी आजोळी वाढलो.”

तांड्यावर पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. रस्ताभर ती आईचं नाव तोंडानं म्हणत चालली होती. एकदा, ओढा उतरताना पाय घसरला तेव्हा, तिचं म्हणणं तुटलं आणि पुन्हा धरायला जरा वेळ लागला. दिपकनं भाकरी करून ठेवल्या होत्या, दोघांपुरत्या. प्रज्ञेशचा त्याला फोन येऊन गेला होता. कंपनीनं होकार दिला होता. गाडी आता रोज धावणार होती. तांड्यावर कुणीतरी फटाके लावत होतं. दिपकला आनंद मावत नव्हता. बिनमाय-बापाची आपण दोघं, असं तो म्हणाला, आणि आज तुझ्यामुळं तांड्याला गाडी आली.

सुनिता जेवली. तिला फार भूक लागली होती.

जेवण झाल्यावर दिपक अंगणातले कपडे काढायला गेला. दोरीवर एक हिरवं लुगडं होतं. ते अजून ओलं होतं, पदराच्या टोकातून पाणी गळत होतं. त्यानं ते उचलून धरलं आणि आत हाक मारली.

“ताई, हे कोनाचं हाय?”

सुनिता दारात आली. तिनं त्या लुगड्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं.

“शेजारच्यांचं असंल,” ती म्हणाली. “देऊन ये.”