चादरीचं दुसरं टोक

आमची लॉण्ड्री दवाखान्याच्या चादरी धुवायची, रोजच्या दीडशे. इस्त्रीला यंत्र होतं, पण घडी आम्ही नवराबायको हातानेच घालायचो. एका टोकाला मी, दुसऱ्याला तो. चादर ताणायची, दोन झटके द्यायचे, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, मग चालत एकमेकांकडे येऊन त्याने आपलं टोक माझ्या हातात द्यायचं. एकोणीस वर्षं आम्ही दिवसातून दीडशे वेळा असे जवळ आलो, त्यामुळे आमचं भांडण फार टिकत नसे. यंत्रात चेपल्यापासून त्याचा डावा अंगठा वाकत नव्हता. तो कोपरा ढिला राही आणि घडीतून बोटभर बाहेर डोकावे. माझं टोक तिरकं येई. त्यावरून तो मला चिडवायचा, मी त्याला.

धर्मगुरू शुभवर्तमानातला रिकाम्या कबरेचा भाग वाचू लागले की तो माझ्या कानाशी लागे. "तोंडावरचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता म्हणे. रुमालाला एकटा पुरतो गं. चादर असती तर दोघं लागली असती." मी त्याला चिमटा काढायची.

तो गेला तेव्हा लॉण्ड्रीतल्या सगळ्यात लांब चादरीत त्याला मीच गुंडाळलं. डोंगरात खोदलेल्या त्यांच्या घराण्याच्या कबरीत ठेवलं. दगड लोटायला चार माणसं लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नणंद धापा टाकत आली. मला न उठवता ती एकटीच कबरीकडे जाऊन आली होती. मला पहिला राग ती एकटी गेल्याचाच आला.

"वहिनी, दगड बाजूला झालाय. दादा आत नाही."

"नाही म्हणजे?"

"भेटला मला. बाहेर, वाटेवर. चांगला दिसत होता."

"माझं काही विचारलं?"

ती आपल्या चपलांकडे बघत राहिली. "घाईत होता वाटतं."

मेल्यावरही घाई! आणि त्या घाईतून सवड काढून हा भेटला कोणाला, तर हिला. माझं अंग जळत होतं. मी तशीच निघाले, ती मागून आली.

कबरीत ओल्या दगडाचा वास होता आणि आमच्या साबणाचा. तोंडावरचा रुमाल एका बाजूला गुंडाळून ठेवला होता. त्याचं मला काही वाटलं नाही. पण ओट्यावर चादर होती, घडी घातलेली.

मी वाकून पाहिलं. एक कोपरा बोटभर बाहेर डोकावत होता. म्हणजे एक टोक त्याच्या हातात होतं. दुसरं टोक मात्र सरळसोट जुळलेलं, मला जन्मात जमलं नाही असं. एकट्याने एवढ्या चादरीची घडी घातली तर टोक जमिनीला घासतं. कापडावर मातीचा कण नव्हता.

"दुसरी बाजू तू धरलीस?"

"मी आत पाऊलही टाकलं नाही, वहिनी."

ते खरं असणार. तिला साध्या टॉवेलची घडी धड घालता येत नाही.

"मग त्याच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"मी दादाकडेच बघत होते."

पुढच्या दोन दिवसांत तो पोस्टमनला भेटला, दवाखान्यातल्या परिचारिकेला भेटला. लोक रडत, हसत मला सांगायला येत. तो उठला याचं मला नवल उरलं नव्हतं. ते टोक कोणी धरलं, एवढंच डोक्यात घोळत होतं. ती जागा माझी होती.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी मी लॉण्ड्रीचं दार आतून लावलं, यंत्र बंद केलं आणि कबरीतून आणलेली ती चादर उलगडली. माझं टोक धरलं. दुसरं पार खिडकीपाशी फरशीवर पडलं होतं.

"ये," मी म्हटलं. "कोणाबरोबर का असेनास, पण ये."

बराच वेळ काही झालं नाही.

मग ते टोक उचललं गेलं. कमरेइतकं, तो धरायचा तेवढंच. माझे डोळे भरून आले.

दोन झटके आले, आमचेच.

मी त्याच्या डाव्या हाताच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा ताठ होता.

हात सोडावेत असं वाटलं. पण सोडले असते तर जागा गेली असती. मी कोपरे जुळवले. समोरचे कोपरेही जुळले, सरळसोट. मग ते टोक पावलापावलाने माझ्याकडे येऊ लागलं.

नेहमीसारखं ते माझ्या हातात दिलं गेलं. एक डावा अंगठा माझ्या बोटांवर टेकला आणि अलगद वाकला.