सरकभिंत

"मॅडम, एवढ्याशा खोलीत माणसानं नाचायचं कुठं?"

शाळेच्या सहलीत मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाल्मलीनं विचारून टाकलं. मागे खुसखुस सुरू झाली. गृहरचना प्रयोगशाळेच्या मांडवकर मॅडम मात्र खूश!

"नाच की! खोलीच मोठी होईल." त्यांनी नमुन्याच्या दोन खोल्यांमधली भिंत दाखवली. "ही सरकभिंत. एकट्या कामगारांना परवडावं म्हणून दोघांत मिळून जागा दीड खोलीचीच. जो जास्त हालचाल करतो, त्याच्याकडे भिंत जागा सरकवते. निजलेल्याला पलंगापुरती पुरते."

"भारीच!" शाल्मली उडालीच. तिची कुंदाआत्या नुकतीच सातपूरला अशाच खोलीत राहायला गेली होती. सहल संपताच ती थेट तिकडे धावली.

दार उघडलं आणि ती थिजलीच. एक पलंग, पलंगाला चिकटलेली भिंत. संपली खोली! आणि भर संध्याकाळी आत्या पांघरूण घेऊन निपचित पडलेली.

"आजारी आहेस?"

"छे गं, धडधाकट आहे. हळू बोल, हलू नकोस."

"अगं, तूच हल! भिंत गिळतेय तुला!" शाल्मलीनं पलंगावर चढून दणादण नाचायला सुरुवात केली. भिंत खरंच सरकली. हातभर, दोन हात... "बघ, बघ!"

पलीकडे धप्पकन आवाज झाला.

आत्या किंचाळत धावली. शेजारच्या खोलीत वॉकर आडवा पडला होता आणि तिथले खैरेकाका जमिनीवर.

"लागलं नाही हो," ते धापा टाकत म्हणाले. "आज झोप मोडली वाटतं, कुंदाताई?"

त्यांना उठवून बसवल्यावर आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "अर्धांगवायूनंतर पुन्हा चालायला शिकतायत. त्यांची पावलं इतकी हळू, की माझ्या चहा ढवळण्यापुढेही भिंत ती मोजत नाही. मी मेल्यासारखी पडले, तरच त्यांना चालायला जागा."

शाल्मलीला आता उमगलं. जागेची ज्याला जास्त गरज, त्याचीच जागा आधी जाणार!

"मग तू संध्याकाळी बाहेर जा ना!"

"रोज कुणाकडे जाऊ गं?" आत्या हसली.

ते हसू शाल्मलीला घरापर्यंत टोचत राहिलं. चपला न काढताच ती आईबाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, उद्यापासून तुमची बहीण कामावरून थेट आपल्याकडे येणार. जेवेल, भांडेल, माझ्याबरोबर नाचेल, झोपायला तेवढी तिकडे जाईल. रिकाम्या खोलीत कुणी हलत नाही, मग शेजारच्या काकांना चालायला जागाच जागा. आणि आई, मी विचारत नाहीये. सांगतेय."