डाव्या बाजूची जागा

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः त्या बोटीत होते. कुणाला खोटी वाटली तर वाटू द्या, मला वाद घालायचा नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

गेल्या वर्षीचा मार्च, होळीच्या आधीचा रविवार, दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन पडलं होतं.

जागा म्हणजे रामटेकच्या पलीकडचा एक तलाव. नाव सांगणार नाही, कारण तिथे लोक अजूनही लेकरंबाळं घेऊन सहलीला जातात.

मी नूपुर. नागपुरात मनीषनगरला राहते. दोन गल्ल्या सोडून माझे मामा राहतात, शरच्चंद्र मामाजी, आणि वंदना मामी. मामाजींची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी एक वेगळंच खूळ घेतलं. शिडाची बोट.

आधी भोपाळला पंधरा दिवस राहून ती चालवायला शिकले. मग तिथल्याच एका माणसाकडून जुनी बोट विकत घेतली. चौदा फुटी, फायबरची. दोन्ही बाजूंना बसायला लांब बैठका, मधे डोलकाठी, मागे सुकाणू. ट्रेलरवर बांधून बोलेरोच्या मागे ओढत नागपूरला आणली.

सहा महिने ती अंगणात उभी होती. मामाजींनी ती घासली, रंगवली. शिडाची उसवलेली शिवण इतवारीतल्या ताडपत्रीवाल्याकडून मारून घेतली. कामठी रोडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून नांगर करून आणला. मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जायचे. दोर ओवायचे, गाठी मारायचे. मला त्याची गोडी लागली.

मामीला नव्हती लागली. "मी कपडे कुठी वाळवू वं? यांच्या डोक्यावर?" असं म्हणायची.

तर त्या रविवारी मी आणि मामाजी, दोघंच गेलो. काठावर धोंडबा नावाचा एक म्हातारा मासेमार होता. त्याच्या मदतीने बोट पाण्यात उतरवली.

पहिला तास फार सुंदर गेला. मोटार नाही, धूर नाही. फक्त शिडाची फडफड आणि खाली पाण्याचा आवाज. मामाजी लहान मुलासारखे हसत होते.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शिडाची बोट वाऱ्याने एका बाजूला कलते. वारा डावीकडून आला की उजवीकडे कलते. म्हणून बसणाऱ्यांनी डावीकडे बसायचं. आपल्या वजनाने ती सरळ राहते. सगळे उजवीकडे बसले तर बोट उलटणार.

तलावाच्या मधोमध आलो तेव्हा वारा डावीकडून होता. आम्ही डावीकडेच बसलो होतो. तेवढ्यात शिडाचा दोर उजवीकडच्या कप्पीत अडकला.

मी तो सोडवायला उजवीकडे गेले. निघेना. मामाजीही सरकत उजवीकडे आले.

दोघंही उजवीकडे. शिडात वारा गच्च भरलेला.

आणि बोट…

बोट कललीच नाही.

मला लगेच लक्षात आलं नाही. मी गाठीशी झटत होते. मग पाण्याकडे नजर गेली. बोटीची कड पाण्याच्या वर जेवढी हवी तेवढीच होती. बोट अगदी सपाट चालली होती.

मी मामाजींकडे बघितलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं. वीज केंद्रात ते मोजमापाच्या यंत्रांच्या विभागात होते. त्यांना वजन, तोल, काटा सगळं कळतं.

"मामाजी, आपण दोघंही इकडं आहो…"

"हो," ते हळूच म्हणाले. "हलू नको."

"बोट सरळ कशी काय मंग?"

ते डावीकडच्या रिकाम्या बैठकीकडे बघत राहिले.

वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. शिड फुगलं. अशा वेळी बोट हमखास कलते.

त्याऐवजी डावीकडून आवाज आला…

कर्रर्र.

कुणीतरी बसल्या जागी मागे रेलावं, तसा.

बोट पुन्हा सपाट.

मी बोटीची कड घट्ट धरली.

"काठाकडं घ्या मामाजी. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी सुकाणू फिरवायला हात टाकला.

तेवढ्यात डावीकडची बैठक पुन्हा वाजली. यावेळी आवाज वेगळा होता…

कुणीतरी उठलं होतं.

पुढच्या क्षणाला बोट आमच्या अंगावर उलटली.

पाणी थंडगार. अंगातल्या लाइफ जॅकेटने मला वर फेकलं. बोट आडवी पडली होती, शिड पाण्यावर पसरलेलं. मामाजी दोन हात लांब होते, डोळे मिटलेले, ओठ निळसर. त्यांची बायपास झालेली आहे. मी त्यांना ओढत आणलं आणि त्यांचा हात बोटीच्या दोरात अडकवला.

आडवी पडलेली बोट सरळ करायची रीत मामाजींनीच शिकवली होती. बोटीच्या तळातून एक लांब फळी बाहेर निघालेली असते. तिच्यावर उभं राहायचं, दोर धरून मागे रेलायचं, मग बोट वर येते. मी चढले. सगळं अंग मागे टाकलं.

बोट हलेना. माझं वजन अठ्ठेचाळीस किलो.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मला रडू आलं. मामाजींचं डोकं खाली जात होतं.

चौथ्यांदा दोर धरला तेव्हा…

फळी माझ्या पायाखाली आणखी वाकली.

मी फळीच्या मुळाशी उभी होते. वाकली ती टोकाला. माझ्या शेजारी. जिथे कुणीच नव्हतं.

आणि बोट सावकाश वर आली.

मी किंचाळले नाही. मागे वळून बघितलं नाही. आत चढले, मामाजींना काखेत धरून ओढून घेतलं. कसं जमलं, आजही सांगता येत नाही. ते उजवीकडच्या बैठकीवर पडून राहिले. मी पुढे डोलकाठीपाशी खाली बसले आणि शिड उतरवलं.

दोन मिनिटांनी मामाजींनी डोळे उघडले.

"सरक वं थोडी," ते म्हणाले. "ऊन लागून राहिलं तुले."

"मी ठीक आहे मामाजी. तुम्ही बोलू नका."

पण ते माझ्याकडे बघतच नव्हते…

ते समोर बघत होते. डावीकडे.

मीही बघितलं. सगळी बोट निथळत होती. दोर, आतला तळ, उजवी बैठक, सगळं. फक्त डावीकडच्या बैठकीवर एक माणूस बसेल एवढी जागा…

खडखडीत कोरडी होती.

धोंडबा आपला डोंगा वल्हवत आमच्याकडे येत होता. वीस-पंचवीस फुटांवर आला आणि थांबला. बघत राहिला. मी हाका मारल्या. तो पुढे आला नाही. तिथूनच दोर फेकला आणि आम्हाला काठापर्यंत ओढत नेलं.

काठावर मी विचारलं, "बाबाजी, जवळ काहून नाही आले?"

त्याने डोंगा जमिनीवर पालथा घातला आणि घराकडे निघून गेला.

मामाजी चार दिवस दवाखान्यात होते. बरे झाले. मला वाटलं, आता बोट विकतील.

एप्रिलपासून ते दर रविवारी एकटे जाऊ लागले.

मी भांडले. मामी रडली. ते शांतपणे म्हणायचे, "काही होत नाही. मी उजवीकडंच बसतो."

दिवाळीनंतर मामीने हट्ट धरला. "मी येते सोबत. मले पाहू तर द्या काय आहे तिथं." मी तिला नको म्हणून सांगितलं. ती गेली.

संध्याकाळी परत आली ती घरात शिरलीच नाही. फाटकातून मला फोन करून बोलावलं. मी धावत गेले. मामाजी आत ट्रेलरचे पट्टे सोडत होते, गुणगुणत होते. मामी रस्त्यावर उभी. एका हातात चप्पल.

"काय झालं मामी?"

तिने माझं मनगट धरलं.

"ते म्हणे, तिकडं बस. मी डावीकडं बसाले गेली वं…"

"मग?"

"जागाच नव्हती."

एवढंच. त्यानंतर त्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोललेली नाही. त्याच रात्री मी तिला कन्हानला तिच्या बहिणीकडे सोडून आले. ती अजून तिथेच आहे.

एकोणचाळीस वर्षांचा संसार. मामाजींनी तिला परत ये म्हणून एकदाही फोन केलेला नाही.

मला मात्र काल केला. आवाज खूप आनंदी होता.

"उद्या येतं का वं नूपुर? वारा मस्त आहे म्हणते."

"कोण म्हणते, मामाजी?"

ते हसले.

मी म्हटलं, नाही जमणार, काम आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. फोनवर हात ठेवून कुणाशी तरी बोलावं, तशी.

मग ते म्हणाले, "बरं. आम्ही जातो मंग."

मी फोन ठेवला. आज रविवार आहे. साडेतीन वाजून गेलेत, आणि मी अजून त्यांना फोन लावलेला नाही.

उचलला तर कोण बोलेल, याची मला खात्री वाटत नाही.